अदलाबदल

गिरगावातील चाळीच्या दोन खोल्यांत ज्याची हयात गेली, त्या प्रत्येक कोकणी गृहस्थाच्या मनात एक तिसरी खोली असते, आणि तिला पडवी, अंगण व समुद्र अशा सर्व सोयी असतात. माझ्या या तिसऱ्या खोलीत बारा महिने मार्गशीर्षच चालू असे. समोर पोफळींची गर्द छाया, आरामखुर्चीत मी, हाताशी वाफाळलेला चहा, आणि तो चहा केला कोणी याची चौकशी करण्याचे मला कधी प्रयोजन पडले नाही. आमच्या कुटुंबाने एकदा ती केली, तेव्हा मी वर्तमानपत्र उघडले.

हा विकार पुरातन आहे. होरेस या रोमन कवीने इ. स. पूर्व 35 च्या सुमारास आपल्या पहिल्याच उपरोधिकेत लिहून ठेवले आहे की, शिपाई व्यापाऱ्याचा हेवा करतो आणि व्यापारी शिपायाचा. परंतु प्रत्यक्ष देव येऊन ‘घ्या, बदलून देतो’ म्हणाला, तर दोघेही मागे सरतील. स्वतः होरेसही यातून सुटला नव्हता. रोममध्ये असताना खेड्यासाठी झुरायचे आणि खेड्यात जाऊन रोमचे गोडवे गायचे, ही त्याची खोड त्याने आपल्याच गुलामाच्या तोंडून वदवून घेतली आहे.

आमच्याकडे देवाऐवजी बापूदादा आले. हे माझे थोरले चुलतबंधू गावच्या घरी राहतात आणि डोळे तपासण्याच्या निमित्ताने अधूनमधून मुंबईस येतात. जेवण झाल्यावर सुपारी कातरीत ते नेहमीचा उसासा टाकून म्हणाले, “तुझं बरं आहे रे. जिना उतरला की डॉक्टर!”

“मग ठरलंच, दादा. तुम्ही इथे या, मी तिकडे जातो.”

अडकित्ता थांबला. यानंतर उभयपक्षी जो जाबजबाब झाला, त्यात कोणाही मामलेदाराने शिकावे असे बरेच होते. वैशाखात कौले उतरवून घर शाकारावे लागते, गडी न मिळाल्यास स्वतः चढावे लागते, आणि त्यावर शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, ही माहिती मला प्रथमच इतक्या तपशिलाने मिळाली. नारळ उतरवणारा पाडेली आठवडाभर ‘उद्या येतो’ म्हणतो. सातबाऱ्यावर चौदा हिस्सेदार असून त्यांतील मयत इसमांची नावे कमी करण्याचा अर्ज तहशिलीत आहे. पडवीच्या कोनाड्यात कधीकधी फुरसे असते. “पण आपण हात घातला नाही, तर ते काही करत नाही,” असे दादांनी मोठ्या ममतेने सांगितले.

मग त्यांची पाळी आली.

“रात्री दार लावल्यावर वारा कुठून येतो?”

“शेजारची बातमी येते तिथूनच.”

“आणि पहाटे मोरीपाशी ही रांग...?”

रांगेचे नाव निघताच मी एकाएकी चाळीचा वकील झालो. त्या रांगेत कोणाच्या मुलीचे जमले आणि कोणाची बढती हुकली हे कळते, घरात कोणी आजारी पडल्यास न सांगता आमटीची वाटी येते, आणि गॅलरीच्या लाकडी कठड्याचा माझ्या कोपरांनी गुळगुळीत झालेला तो हातभर तुकडा अन्य कोणी वापरीत नाही, हे सर्व मी आवेशाने सांगितले. दादाही रहाटाच्या कुरकुरीवर, ती ऐकल्यावाचून सकाळ झाल्यासारखी वाटत नाही म्हणून, असे काही बोलले की मला वाटले, हे आता रडणार.

अदलाबदलीचा विषय एकमताने तहकूब झाला आणि दादा डोळे न तपासताच पहाटेच्या गाडीने परतले. ज्या वाचकांस पडवीची ओढ अनावर झाली असेल, त्यांनी वैशाख लागण्यापूर्वी मला अवश्य कळवावे. दादांना शाकारणीला माणूस हवाच आहे.