उलटा पिंपळ

गीतेच्या पंधराव्या अध्यायातल्या अश्वत्थाची मुळे वर आणि फांद्या खाली असतात. कॉम्प्युटरमधला फोल्डरांचा वृक्षही त्याच जातीचा. वर ‘सी’ ड्राइव्ह, आणि तिथून माणूस फांदीफांदीने खाली उतरत जातो.

पूर्वी हे झाड नव्हते. १९८१ सालच्या पहिल्या एमएस-डॉसमध्ये फ्लॉपीवरच्या सगळ्या फाइली एकाच पंगतीत बसत. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरच्या पोटात फोल्डर ठेवण्याची सोय झाली, आणि तेव्हापासून कोणी थांबलेले नाही.

खोटे वाटत असेल, तर एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरींचा कॉम्प्युटर पाहावा. ‘सोसायटी’त ‘हिशेब’, ‘हिशेबा’त ‘जुने’, ‘जुने’मध्ये ‘नवीन’, त्यात ‘न्यू फोल्डर (३)’ आणि तिथे पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचे कोटेशन. शेजारी आणखी एक ‘सोसायटी’ असते, आधीच्या सेक्रेटरींची. ती उघडायला कोणी धजत नाही.

अशा खोलीलाही सीमा आहे. ड्राइव्हपासून फाइलीपर्यंतचा पूर्ण पत्ता विंडोजमध्ये पूर्वापार २६० अक्षरांत बसवावा लागतो. मराठीत नावे देणाऱ्याला हे लवकर टोचते, कारण काना, वेलांटी, मात्रा, इतकेच काय, मोडलेला पायसुद्धा वेगळा मोजला जातो. ‘कार्यकारिणी’ आपल्या लेखी पाच अक्षरांची. विंडोजच्या लेखी अकरा. ‘कार्यकारिणीच्या सभांची इतिवृत्ते’ असले भारदस्त फोल्डर एकात एक ठेवत गेले, की एक दिवस कॉपी करताना नाव फार लांब झाल्याची तक्रार येते. ‘मीटिंग’ लिहिणारा सुटतो.

वाट चुकण्याचे खरे कारण मात्र वेगळेच. एक्सप्लोररची खिडकी दोन भागांत असते: डावीकडे झाड, उजवीकडे उघडलेला फोल्डर. एक्सपीमध्ये उजवीकडे खाली उतरत गेले, की डावीकडचे झाडही फांद्या उघडत सोबत येई. २००९ च्या विंडोज सेव्हनने ती सोबत काढली नाही, पण बंद करून ठेवली. हा निर्णय घेणाऱ्याने सोसायटीचे हिशेब कधी शोधले नसावेत!

बॅकस्पेसनेही असाच दगा दिला. एक्सपीपर्यंत ती एक पायरी वर नेई. व्हिस्टापासून ती मागे, म्हणजे आधी पाहिलेल्या जागी नेते. वर जायला आता ऑल्टबरोबर वरचा बाण दाबायचा. झाडात उजव्या बाणाने फांदी उघडते, डाव्याने मिटते. अंकांच्या पॅडवरच्या चांदणीने मात्र निवडलेल्या फोल्डरखालचे सगळेच्या सगळे फोल्डर उघडतात. ‘सी’वर उभे राहून ती दाबली, तर चहा करून, पिऊन, कप विसळून परत यावे.

ज्यांना झाडाची सोबत परत हवी असेल, त्यांनी ‘फोल्डर ऑप्शन्स’मधल्या ‘व्ह्यू’त जाऊन ‘एक्सपांड टू ओपन फोल्डर’समोर खूण करावी. ती यादीत अगदी खाली असते.