रांगोळीतलं गाव

गावाचा आराखडा गावानेच करायचा, अशी वरून सक्त ताकीद असते. २०१५ साली ‘आमचं गाव, आमचा विकास’ सुरू झाल्यापासून ही ताकीद दरवर्षी न चुकता येते. येते कधी? तर ऑक्टोबरात. दोन ऑक्टोबरच्या मुहूर्तावर मोहीम सुरू होते आणि जानेवारीपर्यंत आराखडा पोर्टलवर चढवायचा असतो. आणि बीड जिल्ह्यातलं गाव कुठं जातं कधी? दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्याला. परततं गुढीपाडव्याच्या आगेमागे. म्हणजे गाव ज्या महिन्यांत गावात नसतं, नेमक्या त्याच महिन्यांत गावाने स्वतःचं भवितव्य ठरवायचं असतं. तारीख ज्याने काढली, त्याने ऊस फक्त रसवंतीवर पाहिला असणार.

पण लोक नाहीत म्हणून लोकसहभाग थांबत नसतो. मोहिमेचा मानबिंदू म्हणजे रांगोळीचा नकाशा. मारुतीच्या पारासमोर सडा घालून अख्खं गाव जमिनीवर काढायचं. पिवळा रस्ता, निळा नळ, हिरवं झाड, शाळेवर झेंडा. घर म्हणजे पांढरा चौकोन. संडास असेल तर कोपऱ्यात लाल ठिपका. प्रवीण प्रशिक्षक खुर्चीत बसून रंग सांगतात, अंगणवाडीताई वाकून रेघा ओढतात, ग्रामसेवक मोबाइल उंच धरून फोटोच्या चौकटीत किती गाव मावतं ते बघतात. डोंगरपट्ट्यातल्या एका गावात (नाव सांगत नाही, धारूरपासून पाटोद्यापर्यंत कुठलंही धरा) हा सोहळा बघायचा योग आला. चौकोन काढता काढता ताई थांबल्या. “साहेब, ह्या आळीत समद्यांची कुलपं हायेत. कुलपाला कोन्ता रंग?”

प्रशिक्षकांनी पुस्तिका चाळली. विहिरीला खूण होती, हातपंपाला होती, बायोगॅसला होती. कुलपाला नव्हती. आता ज्या जिल्ह्यातून लाखोंनी माणूस ऊस तोडायला जातो, तिथल्या नकाशाला पहिली खूण कुलपाची हवी की नको? पण नाही. अखेर ठरलं की घर आहे तर कुटुंब आहे, कुटुंब आहे तर सहभाग आहे. भराभर चौकोन पडले. बंद घरांसमोरून निळ्या रांगोळीची नळयोजना सुटली, वळणावर गटार बांधून झालं, त्यावर ढापेसुद्धा बसले. इतक्यात एक शेळी आली आणि वस्तीतलं सगळं मलनिस्सारण तुडवून गेली. ताईंनी ते दोन मिनिटांत पुन्हा बांधलं. गटाराची देखभाल-दुरुस्ती या तालुक्यात एवढ्या तातडीने झालेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मग पारावरच्या म्हाताऱ्यांना नकाशाभोवती उभं केलं, एकाला हातात काठी देऊन शाळेकडे बोट करायला लावलं आणि फोटो निघाला. फोटोखाली ओळ गेली : ‘ग्रामस्थ आपल्या गरजा मांडताना’. म्हाताऱ्याची गरज मी विचारली. तो म्हणाला, “सावली. कवाचं उन्हात उभं केलंय.”

तुम्ही म्हणाल, ग्रामसभा असते ना! असते. तिला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. नसली तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. कायद्यालाही आमच्या कोयत्याची कल्पना होती म्हणायची.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. तीही झाली. दोन सासवा, एक आशाताई आणि आजीपाशी ठेवलेली चार-दोन लेकरं. इतिवृत्तात लिहिलं, ‘महिलांच्या आरोग्याबाबत सविस्तर चर्चा झाली.’ कुणाच्या आरोग्याबाबत हो? २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढून टाकलेल्या गर्भपिशव्यांवर अख्खा देश हळहळला, विधिमंडळात प्रश्न गाजला. त्या बायका सभेच्या दिवशी कुठं होत्या? पहाटेच्या थंडीत फडात मोळ्या बांधत होत्या. खाडा केला तर मजुरीतून दंड कापला जातो, म्हणून ताप अंगावर काढत होत्या. फडाजवळच्या कोपीला दार नाही, न्हाणीला आडोसा नाही. आणि इकडं गावात बंधित निधी पाणी-स्वच्छतेवरच खर्च करायचा म्हणून त्यांच्याच कुलूपबंद घरांमागे शोषखड्डे मंजूर होत होते. बाईला सहा महिने जिथं राहायचं तिथं खड्डा नाही, आणि जिथं ती नाही तिथं मात्र आहे. यावर विनोद करायला मला मानधन मिळतं, पण याउप्पर विनोद सुचत नाही.

खरा सूक्ष्म नियोजनाचा माणूस पाहायचा असेल तर ऊसतोडीची टोळी नेणारा मुकादम पाहा. कोणत्या घरात किती कोयते (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता), कुठं अर्धा कोयता, कुणाचं पोर हाताशी आलंय, कुणाच्या घरी लग्न निघालंय, कोण पोटुशी आहे, कुणाला किती आगाऊ उचल दिली आणि किती फिटायची राहिली, सगळं त्याच्या वहीत. त्याला रंग लागत नाहीत, शिवारफेरी लागत नाही. तो आराखडा करतो पावसाळ्यात, सगळी माणसं गावात असताना. एवढी अक्कल मुकादमाला आहे.

एक मेच्या ग्रामसभेला गाव परतलेलं असतं. उन्हाने रापलेला एक गडी उठला आणि म्हणाला, आमच्या आळीत पाणी येत नाही, ते आराखड्यात घ्या.

“तुमच्या आळीत नळ मंजूर आहे. फोटो आहे.”

“फोटोत आसंल. नळाला तोटी बी न्हाई.”

“आराखडा जानेवारीतच पोर्टलवर चढला. आता बदल होत नाही. सूचना पुढच्या ऑक्टोबरात द्या.”

“ऑक्टोबरात आमी हितं आस्तो व्हय?”

ग्रामसेवकांनी शांतपणे रजिस्टर पुढं सरकवलं. “मग आत्ताच सही करून ठेवा.”