हॉल, हौस आणि होम थिएटर

प्रारंभी अंदाजपत्रक करावे. वहीत दीड लाख हा आकडा लिहावा, त्याकडे मिनिटभर बघावे आणि ते पान फाडून टाकावे. घरात सांगायचा आकडा वेगळा असतो. तो ऐंशी हजार. मधल्या सत्तर हजारांना ‘ऑफर होती’ असे म्हणतात.

टीव्ही घरात आहे असे येथे धरले आहे. नवा घ्यायचाच झाला तर त्याच्या इंचांना १.६ ने गुणावे आणि येईल तितक्या इंचांवर सोफा ठेवावा. ५५ इंचीला ८८ इंच, म्हणजे सव्वासात फुटांच्या थोडे पुढे. दहा फूट रुंदीच्या हॉलमधून सोफा आणि टीव्हीचे युनिट वजा केले की साधारण तेवढेच उरते. हे सगळे पाठ करून माणूस दुकानात जातो आणि ६५ इंचीसमोर उभा राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि ‘दहा टक्के वाचले’ हे वाक्य आयतेच हाती लागले. खरे तर किंमत उतरते आठ टक्क्यांच्याही आत. पण घरी बोलताना वजाबाकी करावी, भागाकार करू नये.

आता दीड लाखाची वाटणी. पाच स्पीकरना सत्तर-पंच्याहत्तर हजार, त्यांना आवाज पुरवणाऱ्या रिसीव्हरला चाळीस, बास काढणाऱ्या सबवूफरला पंचवीस आणि जे काही उरेल त्यात वायरी, स्टँड, ड्रिल मारणारा माणूस व त्याचा चहा. होतकरू रसिक नेमके उलटे करतो. रिसीव्हरवर दिवे असतात, बटणे असतात, त्याच्या खोक्यावर दहा-बारा लोगो असतात. स्पीकर बिचारा नुसता काळा डबा. त्यामुळे सगळे पैसे लोगोंना जातात आणि डबे ‘नंतर बदलू’ या बोलीवर येतात. ते नंतर कधी उजाडत नाही, हे स्वयंपाकघरातल्या ‘तात्पुरत्या’ रॅककडे पाहून समजावे.

विक्रेता डॉल्बी ॲटमॉसचे नाव काढील, म्हणजे डोक्यावरूनही आवाज. ही सोय २०१२ पासून चित्रपटगृहांत आली. आमच्या सोसायटीत ती त्याआधीपासून आहे. वरच्या मजल्यावर रात्री साडेअकराला पलंग सरकतो तेव्हा तो उजवीकडून डावीकडे चालला आहे हे अचूक कळते. तेवढा खर्च वाचवावा.

मग येतात वॉट. खोक्यावर पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल, असे लिहून पुढे हजारांत आकडा असेल तर त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जावे. आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॉट, तेवढे विचारावेत. आणि तेही फार विचारू नयेत, कारण वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. कानाला तो दुप्पट वाटायचा तर दहापट वॉट लागतात. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शंभर वॉट घेणाऱ्याला हा नियम खालच्या मजल्यावरचे काका वाचून दाखवतात. त्यांच्याकडे त्याची छापील प्रत असते.

दुकान कोणतेही असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, डेमोला स्फोटच लावतात. अंधारी खोली, जाड गालिचा, आणि एक हेलिकॉप्टर पडते. स्फोट कोणत्याही डब्यातून चांगलाच ऐकू येतो. आपण शांतपणे बातम्या लावायला सांगाव्यात. विक्रेत्याचा चेहरा उतरतो, पण परीक्षा तीच. कारण चित्रपटातले बहुतेक सगळे बोलणे मधल्या एका स्पीकरमधून, सेंटरमधून येते. माझे मत विचाराल तर पैसे कमी पडले तर मागचे दोन स्पीकर पुढच्या वर्षावर ढकलावेत, पण सेंटरमध्ये काटकसर करू नये. मी केली. स्वस्तातला सेंटर आणि भरदार सबवूफर अशी जोडी आणली. पहिल्याच संध्याकाळी मालिकेच्या वेळी आई म्हणाली, “आवाज कमी कर रे, काय बोलतायत ते ऐकू येत नाहीये.” एरवी हे वाक्य विनोदी वाटले असते. तिचे म्हणणे मात्र शब्दशः बरोबर होते.

सबवूफर कुठे ठेवावा, याची जगन्मान्य पद्धत आहे आणि ती घरी कोणी नसताना करावी. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपल्या जागी बसवावा. बासचे गाणे लावावे. आपण गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने हॉलभर फिरावे. जिथे बास स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. यात थट्टा नाही. चौदा फुटी खोलीत चाळीस हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींत अडकतो, कोपऱ्यात तो गुरगुरतो आणि खोलीच्या बरोब्बर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे सोफा मध्यावर नको. मी रांगत शूकेसपाशी पोचलो तेव्हा दार उघडे होते आणि इस्त्रीवाला उभा होता. त्याने काही विचारले नाही. कपडे मोजून दिले.

मागच्या स्पीकरचे शास्त्र कडक आहे. समोरच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना साधारण ११० अंश. कंपासपेटीतला कोनमापक घेऊन मोजले तर उजवीकडचे ११० अंश देव्हाऱ्यावर पडले आणि डावीकडचे स्वयंपाकघराच्या दारात. देव्हाऱ्याशेजारी अर्धा फूट जागा सर्वानुमते मंजूर झाली. डावा स्पीकर मात्र दाराबाहेर सरकत सरकत फ्रिजच्या डोक्यावर गेला, तिथून उतरून कपाटात. सध्या आमची यंत्रणा चार पॉइंट एक आहे.

भिंती बोडक्या असतील तर आवाज घुमतो. त्यावर महागडी पॅनेल मिळतात. सोलापुरी चादरी, पुस्तकांचे कपाट आणि सोफ्यावर टाकलेली आजीची गोधडी यांनी बरेच काम होते, आणि गोधडीवर जीएसटी नाही.

उद्घाटनाला ‘सैराट’ लावावा. त्यातल्या अजय-अतुल यांच्या संगीतासाठी सिंफनी वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित झाला. व्हायोलिने पुढच्या भिंतीभर पसरली की दीड लाख (म्हणजे ऐंशी हजार) वसूल वाटतात. आम्ही रविवारी दुपारी नातेवाईक जमवून लावला. सगळे गप्प होते. आणि शेवटच्या प्रसंगात नागराज मंजुळे आवाजच काढून घेतात. लहान मूल दाराबाहेर चालत जाते, पडद्यावर काही वाजत नाही. पाचही डबे, असतील तेवढे, मुके. त्या शांततेत डाव्या बाजूने, अगदी ११० अंशांवरून, खिचडीच्या कुकरची शिट्टी झाली.

आईने मान डोलावली. “हा आवाज छान येतोय हं.”