सहा महिन्यांचं लिस्बन

वसईच्या माणसाला परदेशाचं अप्रूप नसावं. आज नालासोपारा म्हटलं की लोकांना चेंगराचेंगरीची लोकल आठवते, पण तिथेच सोपारा नावाचं जुनं बंदर होतं, अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे तिथे सापडले आणि १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. वसईत पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ पर्यंत ठाण मांडून होते. आत्ताही पश्चिम पट्ट्यातल्या कुठल्याही वाडीत हाक मारा. कुणाचा थोरला आखातात असतो, कुणाचा जावई बोटीवर, कुणाची सून कॅनडात. तरीही माझ्या भाचीने जेवताना "मला एक सेमिस्टर लिस्बनला जायचंय" म्हणून जाहीर केलं, तेव्हा ताई वाढता वाढता थांबली आणि दाजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. आमच्याकडे टीव्हीचा आवाज फक्त वार्ता गंभीर असेल तरच कमी होतो.

पहिली प्रतिक्रिया आजीची. "लिस्बन म्हणजे पोर्तुगीजांकडेच ना? अगं, त्यांना चिमाजीअप्पांनी घालवलं की!"

भाचीने समजावलं की हे एक्स्चेंज आहे. तिच्या कॉलेजचा तिकडच्या विद्यापीठाशी करार आहे, एक सत्र तिकडे शिकायचं, परत येऊन पदवी इथलीच घ्यायची. आजीने त्यातला नेमका शब्द पकडला. एक्स्चेंज म्हणजे अदलाबदल, म्हणजे आपली पोरगी गेली तर तिकडचं कोणीतरी इकडे येणार. त्या न आलेल्या पाहुण्याची काळजी तिने त्या रात्रीपासून सुरू केली. त्याला आगाशीचं भुजिंग तिखट लागेल का, सुकेळी आवडतील का, तो खाली मांडी घालून बसेल का. ज्या मुलीला जायचं होतं तिच्यापेक्षा जो येणार नव्हता त्याची व्यवस्था आमच्या घरी आधी लागली.

दाजींचा प्रश्न एकच होता: "फी?" इथे मात्र बातमी चांगली निघाली. अशा करारात फी आपल्या कॉलेजला नेहमीसारखी भरायची, तिकडचं विद्यापीठ शिकवणीचे पैसे घेत नाही. राहणं, जेवण, विमान आपलं. शिष्यवृत्ती मिळाली तर त्यातलं काही सुटतं. दाजींनी टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. ही मंजुरी.

मग कागद सुरू झाले. भाचीचा जन्म वसईचा. जन्मदाखल्यावर शिक्का नगरपरिषदेचा आणि जिल्हा ठाणे. पुढे २००९ साली वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावं मिळून महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. पोरगी त्याच घरात, त्याच खिडकीशी बसून अभ्यास करत वाढली, पण कागदोपत्री तिने स्थानिक संस्था बदलली आणि जिल्हाही बदलला. फॉर्ममध्ये विचारलं होतं, पत्ता बदलला आहे का? घर बदललं नाही, पत्ता बदलला, हे सांगायला त्या चौकटीत जागा नव्हती.

नावाची गंमत त्याहून मोठी. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकी सगळं 'गिव्हन नेम'मध्ये कोंबलेलं. तिकडच्या विद्यापीठातल्या बाईंनी या गर्दीतून आपल्या परीने एक नाव निवडलं आणि अर्ज मिळाल्याची पोच पाठवली ती थेट दाजींच्या नावे. विद्यार्थी म्हणून आपलं स्वागत आहे, आपल्या वसतिगृहाच्या पसंती कळवा. दाजींनी ते पत्र आठवडाभर खिशात बाळगलं. स्टेशनवर भेटेल त्याला दाखवायचे. "मी जाऊन येतो, पोरगी दुकान बघेल."

'लर्निंग अॅग्रीमेंट' नावाचा कागद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यावर विद्यार्थ्याची, आपल्या कॉलेजची आणि तिकडच्या विद्यापीठाची, अशा तीन सह्या लागतात. तिकडचा कोणता विषय इकडच्या कोणत्या विषयाच्या जागी धरायचा, ते त्यात आधीच ठरवावं लागतं. युरोपात एका सत्राला तीस क्रेडिट, आपल्याकडे वीस-बावीस. त्यांचं एक क्रेडिट म्हणजे पंचवीस ते तीस तासांचं काम, आणि घरी बसून केलेलं वाचनही त्यात मोजतात. हे ऐकल्यावर दाजींनी भाचीच्या मोबाइलकडे असं काही बघितलं की तिने तो उशीखाली सरकवला. शिवाय सत्रांचा मेळ नाही. तिकडचं वर्ष सप्टेंबरात उघडतं, तोवर आपलं अर्धं सत्र सरलेलं. तिकडची परीक्षा देऊन ती परत यायची तेव्हा इथलं पुढचं सत्र मध्यावर आलेलं असणार. या दोन पंचांगांचा मुहूर्त जुळवताना कॉलेजातल्या एका मॅडमनी जे कष्ट घेतले, ते आमच्याकडे लग्न जमवताना कोणी घेत नाही.

शिफारसपत्राची रीत ठाऊक असेलच. सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." स्वतःची स्तुती, तीही तृतीयपुरुषी आणि पन्नाशीच्या माणसाच्या भाषेत. तिने लिहिलं, 'ही विद्यार्थिनी बरी आहे.' सर वाचून म्हणाले, "अगं, एवढं तर मीही लिहिलं असतं."

आणि मग तो निबंध. स्टेटमेंट ऑफ पर्पज. मी निवृत्त मास्तर, त्यामुळे घरातले सगळे निबंध माझ्याकडे तपासायला येतात. भाचीच्या मसुद्यात जागतिक दृष्टिकोन होता, विस्तारणारी क्षितिजं होती, आंतरसांस्कृतिक संवाद होता; फक्त भाची नव्हती. पहिलंच वाक्य, लहानपणापासून मला इतिहासाची आवड आहे. ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "लहानपणापासून तिला कैरीची आवड आहे!" खरं सांगायचं तर त्या सगळ्या मसुद्यात पडताळून पाहता येईल असं वाक्य तेवढंच, आणि तेही ताईचं.

एक रकाना तिने कोराच ठेवला होता. वेगळ्या पार्श्वभूमीच्या लोकांशी जुळवून घेण्याचा अनुभव लिहा. ही मुलगी रोज विरार लोकलच्या महिला डब्यातून चर्चगेटला जाते! तिथे चौथी सीट म्हणजे अर्धी मांडी आत आणि अर्धी हवेत. 'कुठे उतरणार?' या दोन शब्दांत जागेची मालकी हस्तांतरित होते. बोरिवलीला उतरणारी बाई चुकून विरार फास्टमध्ये चढली तर तिच्याशी वाटाघाटी होतात. त्याच डब्यात गुजराती, मल्याळी, भोजपुरी, वाडवळी एकाच वेळी चालू असतं, मेथी निवडून होते आणि नवरात्रात गरबाही होतो. "मामा, हे कोणी लिहितं का?" भाची म्हणाली. मी म्हटलं, कोणी लिहीत नाही म्हणूनच लिही.

दुसरी गोष्ट मी तिला किल्ल्याची सांगितली. ती इतिहासाची विद्यार्थिनी, घरापासून किल्ला जवळ, आणि निबंधात किल्ल्याचा उल्लेखही नाही, कारण तो रोजचा! वसई ही पोर्तुगीजांच्या 'उत्तरेच्या प्रांता'ची राजधानी. १५५४ साली सिमाँव बोतेल्यो याने महसुलाची जी नोंदवही तयार केली तिच्यात वसईचं उत्पन्न मांडलेलं आहे. त्या काळचे ढीगभर कागद लिस्बनच्या 'तोर्रे दो तोंबो' या दफ्तरखान्यात आहेत. आपल्या गावाचा जुना हिशोब वाचायला मला तुमच्याकडे यायचंय, इतकं सरळ कारण असताना क्षितिजं कशाला विस्तारायची?

आणि गोन्सालो गार्सियाची गोष्ट तर अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. सोळाव्या शतकातला हा वसईचा मुलगा पंधराएक वर्षांचा असताना जेझुइटांबरोबर जपानला गेला. तिथली भाषा शिकला, काही वर्षं त्यांचं काम केलं. आपल्याला संघात घ्या, एवढंच त्याचं मागणं होतं, आणि ते लांबणीवर पडत राहिलं. शेवटी तो बाहेर पडला, व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि १५९३ साली दुभाषा म्हणून पुन्हा जपानात, थेट तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी पोचला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्याला क्रुसावर चढवलं गेलं. १८६२ साली तो संत झाला. आज वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे; त्याचा अर्ज अडवणाऱ्यांचं नाव इथे कुणाला विचारून बघा.

शिष्यवृत्ती ज्या कार्यक्रमातून मिळायची त्याचं नाव एरास्मस. १९८७ साली अकरा देशांतल्या ३,२४४ विद्यार्थ्यांवर तो सुरू झाला, पुढे आपल्यापर्यंत आला. ज्याचं नाव त्याला दिलं तो रॉटरडॅमचा पंडित आयुष्यभर विद्यापीठं फिरला आणि फिरताना कुरकुरत राहिला. पॅरिसच्या वसतिगृहातली अंडी सडकी, केंब्रिजची बिअर वाईट. हे कळल्यावर आजीचा त्या योजनेवर विश्वास बसला. जेवणाबद्दल तक्रार करणारा माणूस तिच्या मते घरंदाज असतो.

राहता राहिला व्हिसा. नव्वद दिवसांहून जास्त राहायचं तर पर्यटकाचा साधा शेंगेन व्हिसा चालत नाही. बँकेचे उतारे, आयकराची विवरणपत्रं, विमा, राहण्याची सोय, सगळं जोडावं लागतं. मे १७३९ मध्ये किल्ला पडला तेव्हा चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांना बायकामुलं आणि सामानसुमान घेऊन सन्मानाने जाऊ दिलं होतं. दाजींचं म्हणणं, त्या उपकाराची नोंद त्यांच्या दफ्तरात असणारच, ती फाइलला जोडता आली तर बघ.

अर्जाची मुदत रात्री ११.५९ ची होती, लिस्बनच्या घड्याळात. उन्हाळ्यात तेव्हा वसईत पहाटेचे ४.२९ झालेले असतात. चारच्या सुमारास भाचीने बटण दाबलं. ताईने चहा टाकला, आजी जागीच होती.

निकाल अजून यायचाय. तोवर, पुढच्या वर्षी ज्यांच्या घरी हा प्रकार होणार आहे त्यांना एक विनंती. मार्कशीट आणि पासपोर्ट आजच शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर प्रतिज्ञापत्र, राजपत्र जे काय लागेल ते आताच करून घ्या. निबंध एका रात्रीत लिहून होतो, राजपत्र होत नाही.