रिकाम्या बाटलीचे धनी

कोऱ्हाळे बुद्रुकच्या घरात, माळ्यावर, प्रस्तुत लेखकाची एक पत्र्याची पेटी आहे. पूर्वी तिच्यात आजीची लुगडी असत. आता गोल्ड स्पॉटचे बिल्ले, गंजलेले ओपनर आणि जुन्या कोल्ड्रिंकच्या चौदा रिकाम्या बाटल्या आहेत. लेखक स्वतःला संग्राहक म्हणवतो. घरात 'भंगारवाला' हा शब्द चालतो. पण भंगारवाला निदान माल विकतो तरी, अशी दुरुस्ती त्याच्या बायकोने सुचवली आहे.

या छंदाची मूळ अडचण अशी की जमवायची वस्तू कधी कोणाच्या मालकीचीच नव्हती. काचेची बाटली कंपनीची. गिऱ्हाइकाचं काय, तर आतलं पाणी, तेही दुकानदाराच्या नजरेखाली संपवायचं. पाहुणे आले की पोराला दुकानात पिटाळत. तो बोटांच्या बेचक्यांत चार बाटल्या अडकवून आणी आणि पाहुण्याचा शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत परत न्यायला दारात उभा राही. दुकानदार रिकामी बाटली उजेडात धरी, तोंडावरून बोट फिरवी, टवका उडालेला नाही याची खात्री करी आणि मगच डिपॉझिट सोडी. लग्न ठरवताना वरपक्षाचीही इतकी बारीक तपासणी होत नसे.

म्हणजे जगातल्या प्रत्येक संग्रहातली प्रत्येक बाटली ही कुणाच्या तरी क्रेटमधली कमी पडलेली चोविसावी बाटली आहे. लेखक हे घरी बोलत नाही.

गावाला साखरेचं अप्रूप नव्हतं. शिवाराला नीरा डाव्या कालव्याचं पाणी, शेजारी सोमेश्वर कारखाना, जिकडे पाहावं तिकडे ऊस. पण तीच साखर गार होऊन, गॅस भरून, काळ्या रंगात परत आली की रोख पैसे मोजायला कुणी कुरकुरत नसे. मटणाच्या जेवणानंतर थम्स अप हे पेय नव्हतंच, औषध होतं.

पेटीतल्या मालाचा इतिहास मात्र साखरेइतका गोड नाही. १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्याने विदेशी भांडवलाचा वाटा चाळीस टक्क्यांवर आणा म्हटलं, आणि १९७७मध्ये जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना कोका-कोला देश सोडून गेली. त्या पोकळीत पार्लेच्या चौहान बंधूंनी थम्स अप आणलं, इंग्रजी 'थंब'मधला 'बी' गाळून. कोकची बाटली भरणाऱ्या प्युअर ड्रिंक्सने कॅम्पा कोला काढला. सरकारलाही तहान लागली होती. त्याने जनता राजवटीच्या सालावरून नाव ठेवून 'डबल सेव्हन' काढलं, आणि ते बनवायला दिलं पाव भाजणाऱ्या मॉडर्न फूड इंडस्ट्रीजला! सरकार गेलं, पेयही ओसरलं. लेखकाच्या मते संग्राहकाने धावावं तर याच बाटलीमागे. हरलेल्या पेयाची बाटली जिंकलेल्यापेक्षा दुर्मीळ असते. ती लेखकाकडे नाही.

१९९३मध्ये कोक परतली आणि तिने पार्लेचे थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट विकत घेतले. गोल्ड स्पॉटने पुढे फँटाला वाट करून दिली. मुंबईच्या ड्यूक्सची कथा त्याहून जुनी. दिनशा पांडोळे यांनी १८८९मध्ये सुरू केलेली ती कंपनी, नाव म्हणे क्रिकेटच्या चेंडूवरून. १९९४मध्ये पेप्सीने घेतली. पुण्यात कॅम्पातले कोल्ड्रिंकवाले अर्देशीर १८८४पासूनचे. तिथली रास्पबेरी पिऊन लेखक एकदा बाटली पिशवीत घालू लागला, तेव्हा समोरच्या माणसाने फक्त हात पुढे केला. बोलला काहीच नाही.

बिल्ले मात्र हक्काचे. गोल्ड स्पॉटने ऐंशीच्या दशकात बिल्ल्याच्या आत 'जंगल बुक'ची चित्रं टाकली, तेव्हा दुकानासमोरची माती चाळून निघे. श्रावणात करंज्याच्या सोमेश्वराच्या यात्रेला जाणारी पोरं देवाच्या आधी कोल्ड्रिंकच्या दुकानाला प्रदक्षिणा घालत. बिल्ला हातात घेतला की लेखकाची बोटं आपोआप कडेचे दाते मोजू लागतात. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२मध्ये या झाकणाचं पेटंट घेतलं तेव्हा ते चोवीस होते, हल्ली एकवीस असतात. एका रात्री मोजणी बावीस भरली. लेखक दुर्मीळ नमुना सापडला म्हणून आनंदाने ओरडला. बायकोने चष्मा पुसून दिला. एकवीस.

एकदा एका विक्रेत्याने त्याला थम्स अपची मुलामा दिलेली पाटी दाखवली, 'साहेब, इंग्रजांच्या वेळची' म्हणून. गोरा साहेब १९४७ला गेला आणि थम्स अप १९७७ला आलं, हे तीस वर्षांचं अंतर लेखकाच्या ध्यानात आलं ते पाटी घरी भिंतीवर लावल्यावर. तरीही खिळा काढलेला नाही. खरी, अस्सल खूण हवी असेल तर मनमाडजवळची हडबीची शेंडी पाहावी. रेल्वेतले प्रवासी त्या सुळक्याला थम्स अपच म्हणतात. एवढी एक गोष्ट माळ्यावर चढवता येत नाही, म्हणून आई निर्धास्त आहे.

परवा गावातले अण्णा घरी आले. त्यांचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. लेखकाने कौतुकाने पेटी खाली उतरवली आणि सर्वांत लाडकी गोल्ड स्पॉटची बाटली त्यांच्या हाती दिली. अण्णांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. तळ पाहिला. मग जाड, सुरकुतलेलं बोट बाटलीच्या तोंडावरून सावकाश गोल फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

"टवका उडालाय की रं हिचा," ते म्हणाले. "डिपॉझिट न्हाई मिळायचं."