आमचं आपलं तात्पुरतं

खानवेलला मराठी कुटुंब राहायला आलं, की सामान टेम्पोतून उतरायच्या आत तात्पुरते तिथे हजर असतात. हे त्यांचं आडनाव नव्हे. गावातल्या चार-पाच मराठी घरांनी ठेवलेलं नाव आहे, आणि त्यांनी ते स्वतःच्या तोंडाने कमावलंय. सोफ्याला हात लावल्यासारखं करून ते नव्या माणसाला पहिलं वाक्य ऐकवतात : “आमचं काय हो, आमचं आपलं तात्पुरतं आहे. दोन वर्षं काढायची आणि पुण्याला परत.” ही दोन वर्षं नव्वदच्या दशकाच्या अखेरीला सुरू झाली. तेव्हा पोटात असलेली त्यांची मुलगी आता नोकरीला लागली आहे.

असे तात्पुरते बडोद्यात असतात, इंदुरात असतात, भिलाईतही सापडतील. पण तिथे मराठी माणसांची गर्दी आहे, त्यात ते लपून जातात. खानवेल पडलं दादरा-नगर हवेलीतलं, साकरतोड नदीकाठचं गाव, सेलवासहून वीस किलोमीटर आत. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दुधनीचा जलाशय, रविवारी हरणं बघायला आलेली वापी-वलसाडची मंडळी. इथे माणूस उठून दिसतो.

आले कसे, तर धाग्याबरोबर. मागास भाग म्हणून सरकारने करसवलत दिली, तेव्हा पॉलिएस्टर धाग्याचे कारखाने सेलवासभोवती पटापट उभे राहिले आणि धाग्याला पीळ कसा द्यायचा हे कळणारी माणसं मुंबई-पुण्याहून इकडे ओढली गेली. कंपन्यांच्या सवलतींना मुदत होती, ती संपली. काही मालकही गेले. तात्पुरते सुपरवायझरचे मॅनेजर झाले, पण मुक्काम तात्पुरताच राहिला. सेलवास सोडून खानवेलला घर का घेतलं, तर भाडं कमी आणि हवा महाबळेश्वरसारखी. ही उपमा त्यांची. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर हिरवी लव उगवते तेव्हा ती त्यांना आणखीच पटते.

नव्या कुटुंबाची चौकशी हा त्यांचा खास प्रांत.

“मूळचे कुठले?”

“नगर.”

“नगर म्हणजे शहर?”

“संगमनेर.”

“मग नाशिककडचेच म्हणा की! वहिनी कुठल्या?”

हे अर्धा तास चालतं. ओळख न निघालेला मराठी माणूस त्यांना अजून भेटायचा आहे. आडनावावरून नाही निघाली तर मावससासऱ्यांच्या बदलीवरून निघते. अगदीच सगळं कोरडं निघालं तर “तुमच्या संगमनेरात आमची एसटी एकदा पंक्चर झाली होती” एवढ्यावर ते नातं जुळवतात, आणि संध्याकाळी त्यांच्या डायरीत एक घर वाढतं. डायरीत ‘आपली माणसं’ असं पान आहे. गेल्या दिवाळीला त्यावर पाच घरं होती. बाजारात नागली आणि वाल घेऊन बसणारी वारली बाई त्यांच्याशी जे बोलते ते त्यांना शब्दन् शब्द कळतं. घासाघीसही ते त्याच बोलीत करतात. पण पानावर ती नाही, कारण तिची ओळख कुणाकडून काढणार?

चौकशीनंतर भूगोल. वापी स्टेशनात उतरून तुम्ही सेलवासकडे निघता तेव्हा आधी गुजरात, मग दादरा, मग लवाछाचा पुन्हा गुजरात, आणि मग नगर हवेली. “अर्ध्या तासात तीन वेळा हद्द ओलांडलीत, कळलं तरी का?” असं ते विचारतात. नव्या माणसाला एव्हाना फक्त शौचालय कुठे आहे हे जाणून घ्यायचं असतं.

हद्दीचा खरा उपयोग मात्र त्यांनीच केला. टेलिफोनच्या हिशेबात हा मुलूख गुजरातेत मोडतो आणि त्यांचं सिम पुण्याचं. घरात बसून फोन केला की रोमिंगचे पैसे पडत. एका संध्याकाळी त्यांना शोध लागला, की मागच्या पडवीपलीकडे पेरूच्या झाडाखाली विशिष्ट कोनात उभं राहिलं तर फोन महाराष्ट्रात जातो. तेव्हापासून आईची तब्येत, भावाचा फ्लॅट, पुतणीचं लग्न, सगळं पेरूखाली ठरलं. रोमिंग देशभर फुकट होऊन कैक वर्षं झाली. तरी पुण्याचा फोन आला की ते आजही छत्री उघडून पेरूखाली जातात. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणतात, “घरात त्यांना पुणं ऐकू येत नाही.”

मग इतिहास. यात मात्र त्यांच्याशी वाद घालू नये, कारण त्यांचं वाचन आहे. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या ‘सांताना’ जहाजाचं नुकसान केलं. त्याची भरपाई म्हणून १७७९च्या तहात पेशव्यांनी बारा हजार रुपये उत्पन्नाची इथली गावं देऊ केली. “वसूल खा म्हणून दिली होती, मालकी नव्हे! हेगच्या कोर्टानेसुद्धा १९६० साली तेच सांगितलं.” वसूल खायला आलेले पाहुणे पावणेदोनशे वर्षं राहिले. हे सांगताना त्यांच्या आवाजाला धार येते. स्वतःच्या मुक्कामाशी याचा काही संबंध लागेल, असं त्यांच्या मनातही येत नाही.

१९५४चा मुक्तिलढा त्यांना तारीखवार पाठ आहे. सुधीर फडके म्हणजे बाबूजी, बाबासाहेब पुरंदरे ही मंडळी त्या लढ्यात कशी होती, हत्यारांच्या पैशासाठी पुण्यात लताबाईंचा कार्यक्रम कसा झाला आणि २ ऑगस्टला सेलवास कसं मोकळं झालं, हे ते पोहे थंड होईपर्यंत सांगतात. एकदा नव्याने आलेल्या एका बाईंनी मध्येच हळूच विचारलं, की गोडा मसाला इथे कुठे मिळतो? तात्पुरते दुखावले. “बाबूजींनी जीव धोक्यात घालून हा मुलूख सोडवला, आणि तुम्हाला गोडा मसाला पाहिजे!” त्यांच्या घरात मसाला पुण्याहून येतो हे त्यांनी त्या क्षणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींनीच बरणीभर पोचता केला.

या लढाईतलं खानवेलचं प्रकरण त्यांना विशेष प्रिय. सेलवास हातचं जातंय म्हटल्यावर पोर्तुगीजांचा कॅप्टन फिडाल्गो दीडएकशे शिपायांनिशी आत खानवेलकडे सरकला आणि ११ ऑगस्टला आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीतल्या उधव्याला जाऊन शरण आला. माझ्या हिशेबाने खानवेलला तात्पुरता येऊन खरोखर तात्पुरताच राहिलेला तो एकमेव गृहस्थ. हे मी एकदा त्यांच्यासमोर बोलून गेलो. ते म्हणाले, “त्याला कंपनीने क्वार्टर दिली नव्हती.”

खरं तर या मातीलाच तात्पुरतेपणाची खोड असावी. मुक्त झाल्यावर सात वर्षं या मुलखाचा कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. भारतात विलीन व्हायची वेळ आली तेव्हा नेहरूंच्या बरोबरीने सही करायला कोणीतरी पंतप्रधान हवा, म्हणून बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्यांना एका दिवसाचं पंतप्रधान केलं. आणि २०२०च्या प्रजासत्ताक दिनी दमण-दीवशी संसार मांडून या प्रदेशाचं नाव ‘दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव’ झालं. ते कुठल्याच अर्जाच्या चौकटीत मावत नाही. तात्पुरते अजून सगळीकडे पुण्याचा पत्ता लिहितात, त्याचं एक कारण हे असू शकेल.

त्यांच्या घरात शिरलात तर माळ्यावर बघा. एकवीस इंची टीव्हीचा खोका आहे. पुठ्ठ्यावर वहिनींच्या अक्षरात निळ्या स्केचपेनने लिहिलंय : ‘पुणे. नाजूक. ही बाजू वर.’ बाण खाली दाखवतो, कारण खोका उलटा ठेवलाय. त्यातला टीव्ही केव्हाच भंगारात गेला. त्यानंतरचा चपटा टीव्हीही एकदा बदलून झाला. पण खोका टाकायचा नाही. “शिफ्टिंगला मूळ पॅकिंग लागतं.” आतल्या थर्मोकोलच्या खाचेत उंदरांच्या पिढ्या वाढल्या आणि त्या मात्र इथे कायमच्या राहिल्या. कपाट लोखंडी आणि घडीचं. पडद्यांना रॉड नाही, दोरी आहे. मिक्सर दोन, एक वापरायचा आणि एक पुण्याला गेल्यावर उघडायचा. त्याच्या वॉरंटीचा कागद वाचवत नाही इतका पिवळा पडलाय.

मुलीच्या शाळेच्या वेळी तर घरात गोलमेज परिषद भरली होती. इथे गुजराती, मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळ्या माध्यमांच्या शाळा. पुण्याला परत जायचं म्हणून मराठी हवं, परत जायचं म्हणूनच इंग्रजीही हवं. शेवटी इंग्रजी ठरलं आणि मुलगी गुजराती शिकली. बस थांब्यावर, डबा खाताना, भांडताना. पुण्याहून आजी आल्या तेव्हा नात लाडात येऊन म्हणाली, “आजी, बस ने! चा पी ने!” आजींनी मुलाकडे असं पाहिलं की जणू पोर्तुगीजांनी बाटवली. पण पंधरा दिवसांत आजी स्वतः शेजारच्या बेनला “आवजो” म्हणायला लागल्या, आणि त्यांना परत पुण्याला नेताना बरीच समजूत काढावी लागली.

बाकीची घरंही आपापल्या दोरीने बांधली गेली. ठाण्याच्या सीकेपी कुटुंबाचं तर पहिल्याच जूनमध्ये जमलं. बाजारात वारली बायका टोपलीत शेवळं घेऊन बसल्या होत्या, शेजारी शेवळांना लागणारी काकडंसुद्धा, आणि ठाण्यात ज्या पैशात एक जुडी येते त्यात इथे पिशवी भरली. बाईंनी तिथेच नवऱ्याला सांगितलं, बदली आली तरी घ्यायची नाही. खानदेशातल्या गृहस्थांना गुजराती पहिल्या दिवसापासून कळत होती, त्यामुळे ते इकडे आलेत हेच त्यांच्या बराच काळ लक्षात आलं नाही. तात्पुरत्यांना मात्र एक कोडं कधी सुटलं नाही : वापी-सुरतच्या ओळखीच्यांना आपली आठवण नेमकी शनिवारी दुपारी का होते? गुजरातेत दारूबंदी आणि इथे नाही, हे सोपं उत्तर त्यांना सुचत नाही. ते स्वतः ताकापुढे जात नाहीत. त्यांना वाटतं, लोक इतिहास ऐकायला येतात.

गणपतीत मात्र तात्पुरत्यांचं खरं रूप दिसतं. पाच घरं, सहा मतं. चिपळूणकरांचं म्हणणं मोदक उकडीचेच, कोल्हापूरकरांचं तळणीचेच, आणि तात्पुरत्यांचं म्हणणं पुण्यात दोन्ही होतात तेव्हा मंडळाने ठराव करावा. ठरावावर तीन बैठका झाल्या. चौथीच्या आधी समोरच्या किराणावाल्या शेठनी पाच किलो चुरम्याचे लाडू पाठवून दिले आणि मंडळाच्या इतिहासातलं पहिलं एकमत झालं. आरतीला आवाज कमी पडतो म्हणून पाड्यावरची पोरं बोलावली, तर त्यांना आरती सगळ्या कडव्यांसकट पाठ. तात्पुरत्यांची गाडी दुसऱ्या कडव्यापासून नुसती ओठांवर चालते, झांज मात्र जोरात वाजते.

२०२१च्या पोटनिवडणुकीत इथून शिवसेनेची खासदार निवडून आली. महाराष्ट्राबाहेर पक्षाची ही पहिलीच लोकसभेची जागा. तात्पुरत्यांनी गल्लीत पेढे वाटले. कोणाला मत दिलंत म्हणून विचारलं तर म्हणाले, “माझं नाव कोथरूडच्या यादीत आहे.” २०२४मध्ये त्याच खासदार कमळावर निवडून आल्या, तेव्हा त्यांनी पेढे वाटले नाहीत, पण परतही मागितले नाहीत.

मागच्या वर्षी वहिनींनी त्यांना न विचारता एनए प्लॉट बघितला आणि विचारून घेतला. बांधकाम सुरू झालं तेव्हा आम्ही म्हटलं, आता तरी? तात्पुरते म्हणाले, “वीस वर्षांचं कर्ज आहे, तात्पुरतंच. आणि स्लॅबवर सळया मोकळ्या सोडायला सांगितल्यात, उद्या वरचा मजला भाड्याने देऊन जाता येईल.” प्लॉटवर पहिलं झाड वहिनींनी लावलं, पेरूचं. कुठे लावायचं हे ठरवायला तात्पुरते हातात फोन धरून तासभर हिंडत होते.

याच जूनमध्ये लातूरकडचं एक जोडपं आलं. बॅंकेत बदली, कडेवर लहान मूल, टेम्पो पावसात भिजलेला. तात्पुरते हजर होतेच. चौकशी झाली, भूगोल झाला, ‘सांताना’ जहाजापर्यंत ते पोचले होते, तेवढ्यात त्या तरुणाने घाम पुसत म्हटलं, “काका, एवढं कशाला? आमचंही तात्पुरतंच आहे.”

तात्पुरते थांबले. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“किती दिवस झाले येऊन?”

“आजच आलो ना.”

“आणि लगेच तात्पुरतं? अहो, असं कोणीही उठून म्हणत नसतं. त्याला आधी दहा-पंधरा वर्षं इथे काढावी लागतात.” मग टेम्पोत डोकावून त्यांनी विचारलं, “टीव्हीचा खोका कुठे आहे?”

“फेकला. उगाच जागा अडवत होता.”

“बघा,” तात्पुरते आमच्याकडे वळून म्हणाले, “ही माणसं कायमची राहणार.”