मा. बाराशे वॅट यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. बाराशे वॅट,
मु. रंगीत खोका, वरची फळी.

विषय: आपण कामावर रुजू न झाल्याबाबत.
संदर्भ: पाडव्याच्या मुहूर्तावर रोखीने आणलेले ड्रिल मशीन.

महोदय,

पत्रास कारण की, आम्ही अहमदपुरात घरावर वरचा मजला चढवायला काढला. दोन खोल्या, एक न्हाणी आणि जिन्यावर पत्रा, एवढाच पसारा. पण बांधकाम काढलं की माणसाला दोन रोग जडतात. एक, भेटेल त्याला सिमेंटचा भाव विचारण्याचा. दुसरा, ‘एवढ्याशा कामाला मिस्त्री कशाला, हे तर आपणच करू’ असं वाटण्याचा. मला दोन्ही जडले, आणि दुसऱ्यावर उपाय म्हणून आपल्याला घरी आणलं.

न बघता आणलं, असा आळ मात्र माझ्यावर घेऊ नये. तीन आठवडे मी आपल्या खानदानाचा अभ्यास केला. विजेवर चालणारं पहिलं हातड्रिल जर्मनीत स्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं १८९५ साली केलं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा, ही आपली आजची अंगलट अमेरिकेच्या ब्लॅक अँड डेकरची. तिचं पेटंट १९१७ चं. आणि फार लांब जायला नको, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला कुलकर्णी पॉवर टूल्स (आताची केपीटी) १९७० च्या दशकापासून हीच यंत्रं करत आली आहे. एवढा अभ्यास मी दहावीलाही केला नव्हता. आणि इतकं वाचून दुकानात काय पाहिलं? खोका.

काय तो खोका! निळ्या ठिणग्या, एक गोरापान हसरा माणूस आणि त्याच्या छातीएवढ्या आकड्यांत आपलं नाव: १२००. शेजारी एका नामांकित कंपनीचं ड्रिल होतं. त्यावर ५०० लिहिलेलं आणि किंमत आपल्या दुप्पट. हिशेब पोरालाही कळावा असा होता. निम्म्या पैशात दुपटीहून जास्त वॅट! दुकानदारानं विचारलं, ‘पक्कं बिल पाहिजे का? मग अठरा टक्के जीएसटी पडंल.’ मी पडलो चतुर. बिल घेतलं नाही. त्याच क्षणी आपली वॉरंटी खोक्यातून उडून गेली, हे मला पुढं कळलं.

महोदय, आपण म्हणजे मशीन किती काम करतं ते नव्हे. ते किती वीज खातं, ते. हे मला आधी कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. आमच्याकडं जेवणावळीत चौदा भाकरी मोडणाऱ्याचं कौतुक होतं खरं. पण पेरणीला त्यालाच बोलावतात असं नाही. शिवाय खाण्यातही आपण बढाईखोर निघालात. २३० व्होल्टला बाराशे वॅट म्हणजे सव्वापाच अँपिअर. वायरमननं वायरीवर मीटर लावून बघितलं, तर अंगाचा सगळा भार टाकूनही आकडा तीनच्या पुढं सरकेना. उरलेले पाचशे वॅट खोक्यावरच राहिले असावेत.

आता मुख्य तक्रार. न्हाणीचा पाइप सरळ न्यायचा तर मध्ये कॉलम येत होता. वळसा द्यायचा तर दोन बेंड जास्त लागत होते. म्हटलं, घरात बाराशे वॅट असताना वळसा कशाला? कॉलमलाच भोकांची रांग पाडू. बिट लावला, चावीनं चक आवळला, घोडा दाबला. असा आवाज केलात की शेजारच्या वाड्यातली कबुतरं उडाली. पंधरा मिनिटांनी बघतो तर कॉलमवर हरभऱ्याएवढा खळगा, बिटाचं टोक निळं पडलेलं आणि माझ्या दंडाला कळा.

मिस्त्रीमामा खालून वर आले. म्हणाले, ‘मालक, हे नुस्तं खरवडूलालंय की हो. फोडतंय कुठं?’

मामांनी जे चार वाक्यांत सांगितलं, ते तीन आठवड्यांच्या अभ्यासात माझ्या हाती लागलं नव्हतं. आपल्या पोटात दोन दातेरी चकत्या असतात. त्या एकमेकींवर घासल्या की ठोके पडतात. पण त्या ठोक्यांमागचा जोर माझ्या दंडातला. खोक्यावर मिनिटाला चाळीस हजारांच्या वर ठोके लिहिलेत, ते खोटं नसेलही. मामांच्या रोटरी हॅमरचे ठोके जेमतेम चार-पाच हजार आणि वॅट आठशे. पण त्याच्या आत दट्ट्या हवा दाबतो, ती हवा हातोड्याला ढकलते आणि हातोडा बिटाच्या बुडावर बसतो. सोनाराची हातोडी आणि लोहाराचा घण, एवढा फरक. विटेच्या भिंतीत खुंटी ठोकायला सोनार चालतो. काँक्रीटला लोहारच लागतो. खोका दोघांचे ठोके मोजतो, वजन करत नाही.

आणि तेवढ्यात आपण धूर सोडला.

दोष सगळा आपला नाही, हे मी मान्य करतो. उन्हाळ्याची दुपार, गल्लीत सगळे कूलर चालू, व्होल्टेज उतरलेलं, त्यात मी पंख्याच्या पातळ वायरीचा पंचवीस मीटरचा बोर्ड जोडलेला. व्होल्टेज कमी झालं की मोटार मंदावते. तिला गार करणारा पंखा त्याच दांड्यावर असतो, तोही मंदावतो. वर माणूस आणखी जोर लावतो. म्हणजे भुकेल्या बैलाला चढावर चाबूक मारल्यासारखंच. पण चांगल्या घरचं मशीन आधी कुरकुरतं. आपण थेट धूर काढलात.

आपल्याला घेऊन मी वाइंडिंगवाल्याकडं गेलो. आमच्या भागात बोअरच्या मोटारी इतक्या जळतात की त्या बांधणारे हात इथं तयार झाले आहेत. पाऊस नसला तरी त्यांना काम असतं. त्यानं आपली चार स्क्रूंची बंडी उतरवली, कॉइलची एक तार ब्लेडनं खरवडली आणि उजेडात धरली. वरून तांबूस, आतून पांढरी. तांब्याचा मुलामा, पोटात अॅल्युमिनियम. मग कार्बन बघितला. बऱ्याच चांगल्या मशीनना दोन्ही बाजूंना बाहेरून टोपी असते. ती पेचकसानं फिरवली की झिजलेला कार्बन निघतो, नवा बसतो, दोन मिनिटांत मशीन चालू. आपला कार्बन आत गाडलेला, आणि त्या मापाचा दुसरा ना लातूरला मिळाला, ना नांदेडला. वाइंडिंगवाला म्हणाला, ‘बांधून देतो, पण जेवढ्याचं घेतलाव त्याच्याहून जास्त पैसे लागतील.’ बेवारस मशीनचं मोल यापेक्षा सोप्या भाषेत मी ऐकलेलं नाही.

आपल्या धाकट्या बंधूंबद्दलही दोन शब्द. आमच्याकडं ग्राइंडर घेतला की पहिलं काम त्याचं गार्ड काढून टाकण्याचं. जणू नवऱ्या मुलाच्या मुंडावळ्या, कार्य झालं की उतरवायच्या. कारण विचारलं तर, मार्बल कटरची ११० मिलिमीटरची चकती १०० च्या गार्डात बसत नाही. चार इंची चकती मिनिटाला अकरा हजार फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगानं पळते. नांदेड रस्त्यावर कोणी त्या वेगानं गाडी हाणली तर आपण त्याला शिव्या देऊ. इथं तोच वेग पोटापासून वीतभर अंतरावर उघडा धरतो. वर लाकूड कापायचं दातेरी पातं त्याच ग्राइंडरला लावून चौकटी कापणारे वीरही आहेत. पातं लाकडात अडकलं की मशीन उलटं अंगावर येतं, आणि हाताला माघार घ्यायला वेळ नसतो. ग्रॅनाइट कापताना तोंडाला बांधलेली दस्ती तर दुहेरी घातक: तिच्यातून बारीक धूळ आरपार छातीत जाते आणि तिचं लोंबतं टोक चकतीला आमंत्रण देतं.

आता, महोदय, आपले आभार. होय, आभार.

आपण खरोखर लोहाराचा घण असता, तर तो कॉलम मी त्या दुपारी पोखरला असता. हा लातूर जिल्हा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. त्यानंतर या भागातल्या माणसानं पोटाला चिमटा काढून घरात सळई घातली, ती शोभेसाठी नव्हे. आणि आज त्याच कॉलमात पाइपासाठी भोक आणि बीममध्ये वायरीसाठी झिरी! मामांनी माझा खळगा सिमेंटनं बुजवला आणि म्हणाले, ‘पाइप वळवा मालक, घर वळवता येत न्हाई.’ दोन बेंड आणले. घरातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शहाणा खर्च तो.

आपल्या निमित्तानं जे शिकलो ते गावच्या उपयोगी पडावं, म्हणून इथंच जाहीर करतो. वर्षातून चार खुंट्या ठोकायच्या असतील, तर पाचशे-सहाशे वॅटचं, बाहेरून कार्बन बदलता येणारं साधं ड्रिल बिल घेऊन आणावं. त्याच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का ते बघावं. ती दुहेरी इन्सुलेशनची. घरात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. शॉक लागला तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. चकतीवर वेगाची मर्यादा आणि मुदत दोन्ही छापलेली असतात; औषधाच्या बाटलीसारखी तीही वाचावी. आणि ब्रेकर, रोटरी हॅमर असली दांडगी यंत्रं एकदाच लागणार असतील, तर दिवसाच्या भाड्यानं आणावीत. घरकुलाला मूळ अनुदान एक लाख वीस हजार मिळतं. त्यातले दोन-तीन हजार ज्यानं आपल्यासारख्याच्या पायी घातले, त्याच्या खिडकीचं एक दार तरी कमी झालं.

आपली सध्याची नेमणूक कळवून पत्र संपवतो. आपण माळ्यावर आहात. खोका मात्र चांगला निघाला. त्यात नातवाच्या गोट्या आणि पतंगाचा मांजा राहतो.

आपला,
बिल न घेतलेला ग्राहक,
अहमदपूर.

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी: दुकानात गेल्यावर वॅट विचारू नका. ‘याचा कार्बन आणि आर्मेचर गावात मिळतं का, आणि हे उघडतो कोण?’ एवढंच विचारा. दुकानदारानं लगेच नाव सांगितलं, तर मशीन घ्या. तो खोक्याकडं बघायला लागला, तर खोका परत फळीवर ठेवा.